शेवटच्या घटकेला मिळालेली क्षमा आणि चाळीस वर्षांचा हिशेब

मलप्रभाकाठ (खानापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरातला एक प्रश्न येथे मांडत आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर उत्तर द्यावे, कारण ते मला घरी जाऊन वाचून दाखवायचे आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मावशीचे यजमान बेळगावच्या एका रुग्णालयात वारले. आम्ही कॅथलिक आहोत. काकांचा बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता, पण लग्नानंतर त्यांनी चर्चची पायरी चढली नाही. दारू होती, दुसरे घर होते. मावशीने शिवणयंत्रावर दोन मुले वाढवली आणि चाळीस वर्षे दर रविवारी ती मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, चालत गेली. शेवटच्या रात्री फादरांना बोलावणेही तिनेच धाडले. फादरांनी काकांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावले व कानाशी वाकून क्षमेची प्रार्थना म्हटली. काकांचे बोलणे तोवर बंद झाले होते, पण त्यांनी फादरांचा अंगठा मुठीत धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. पहाटे प्राण गेला.

मातीला आलेले लोक म्हणत होते, सुटले, देवाने पदरात घेतले. मावशी तेव्हा काही बोलली नाही. रात्री सगळे गेल्यावर तिने मला विचारले, "मी चाळीस वर्षे चालत गेले, आणि हे पाच मिनिटांत पोहोचले. तिथे आम्ही दोघे शेजारी शेजारी बसणार का रे?" आपला धर्म खरोखर असे शिकवतो का, की ही केवळ मागे राहिलेल्यांच्या मनाची समजूत आहे?

जुना धर्मशिक्षक (बेळगाव, कॅम्प)

आपल्या मावशींना माझा नमस्कार सांगा. ज्या बाईने इतके सोसूनही फादरांना बोलावले, तिच्या प्रश्नाला घाईने उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून थोडे लांबण लावतो.

होय, आपला धर्म असे शिकवतो, आणि ही शिकवण फार जुनी आहे. ३२५ साली निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने आपल्या तेराव्या नियमात सांगितले की जो मरणाच्या दारात आहे त्याला, तो प्रायश्चित्त भोगणाऱ्यांपैकी असला तरी, शेवटच्या प्रवासाची शिदोरी नाकारू नये. ही शिदोरी म्हणजे ख्रिस्तप्रसाद, मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर. लॅटिनमध्ये त्याला जो 'वियाटिकम' शब्द आहे त्याचा अर्थही वाटेसाठी बांधून घेतलेले असाच होतो. पण त्याच नियमाचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. तो माणूस त्या दुखण्यातून वाचला, तर त्याने पुन्हा केवळ प्रार्थनेपुरते सहभागी होणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे, असे तेथे म्हटले आहे. क्षमा दिली गेली, तरी राहिलेली वाट त्याला चालायची होतीच.

मावशींच्या मनात आलेली शंका चर्चच्या मनातही तेव्हाच आली होती. बाप्तिस्म्याने तोवरची सारी पापे धुतली जातात अशी श्रद्धा असल्याने त्या काळी कित्येक लोक तो मुद्दाम लांबणीवर टाकत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो घेतला ३३७ साली, मरणशय्येवर. चौथ्या शतकाच्या आरंभी निओसिझेरिया येथील परिषदेने ठरवले की जो आजारपणात अंथरुणावर बाप्तिस्मा घेतो त्याला सहसा धर्मगुरू करू नये, कारण त्याचा विश्वास स्वेच्छेने नव्हे तर गरजेपोटी आलेला असतो. असे असूनही त्याचा बाप्तिस्मा खोटा आहे असे मात्र चर्चने म्हटले नाही. मला स्वतःला हा तोल फार मोलाचा वाटतो.

आता तेलाविषयी. ते केवळ पाप पुसण्याचे औषध नव्हे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने वडीलजनांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे, आणि तेथे बोलणे आजाऱ्याविषयी आहे, केवळ मरणाऱ्याविषयी नव्हे. म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली 'अंतिम अभ्यंग' या नावापेक्षा 'आजाऱ्यांचा अभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरवले. आपल्याकडे अजूनही फादर दारात दिसले की लोक आशा सोडतात, आणि त्यामुळे त्यांना बोलावायला उशीर करतात. ही चूक घरोघरी होते.

राहिला शेजारी बसण्याचा प्रश्न. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे पापाची क्षमा मिळाली तरी त्या पापाने आत्म्यावर जे वळ उठवले ते शिल्लक राहू शकतात, आणि ते शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गात जाण्याआधीच्या शुद्धीच्या अवस्थेत, शुद्ध व्हावे लागतात. काकांनी मावशींना जे भोगायला लावले ते काय होते, हे त्यांना तेथे पूर्ण समजावे लागेल. माझ्या मते ही शिक्षेपेक्षाही अवघड गोष्ट आहे.

वेदगंगा (निपाणी)

आम्ही मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांपैकी एका पंथाचे, शुद्धिस्थान मानत नाही. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, इतकेच आम्ही म्हणतो, म्हणून माझे उत्तर वेगळ्या वाटेने जाईल.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायातला, येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या दोघांपैकी पश्चात्ताप झालेला चोर सर्वांना ठाऊक आहे. परंतु मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायाप्रमाणे आरंभी दोन्ही चोर येशूची निंदा करत होते. म्हणजे त्याचे मन पालटले ते त्या काही तासांतच. त्यानंतर त्याने काय केले ते पाहावे. आम्ही आमच्या कृत्यांचे योग्य फळ भोगत आहोत अशी कबुली दिली, शेजारचा मनुष्य निर्दोष आहे असे उघड म्हटले, आणि आपली आठवण ठेवावी एवढेच मागितले. दुसऱ्या चोराप्रमाणे आम्हाला वाचव असे तो म्हणाला नाही. "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे उत्तर त्याला मिळाले, आणि त्याने त्यासाठी एकही चांगले काम केलेले नव्हते.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धनी सकाळी आलेल्या आणि अगदी संध्याकाळी आलेल्या मजुरांना सारखीच मजुरी देतो; आमच्या भागात तो समजावून सांगावा लागत नाही. भल्या पहाटे नाक्यावर डबा आणि विळा घेऊन उभे राहिलेले मजूर आपण रोज पाहतो. सकाळी ज्याला कामावर नेले त्याच्या घरची चूल पेटणार हे तेव्हाच ठरलेले असते. जो संध्याकाळपर्यंत उभा राहिला त्याचा अख्खा दिवस धाकधुकीत गेलेला असतो. दाखल्यात त्यालाही पूर्ण दिनार, म्हणजे दिवसभराची मजुरी, मिळाली. मावशींनी चाळीस वर्षे देवाच्या मळ्यात काढली, ती वाया गेली असे त्यांनी मानू नये.

मलप्रभाकाठ (खानापूर)

आपले उत्तर मी मावशीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तो बिचारा नाक्यावर तरी उभा होता. आमचे हे नाक्यावर नव्हते, गुत्त्यात होते."

वेदगंगा (निपाणी)

मावशींचे म्हणणे खरे आहे. मी दाखला जरा सोपा करून सांगितला. त्या मळ्याच्या धन्याने सकाळच्या मजुरांना "माझे चांगुलपण तुला खुपते का" असे विचारले, आणि तो दाखला तेथेच थांबतो. त्या मजुरांनी काय उत्तर दिले ते लिहिलेले नाही. मावशींना राग येत असेल, तर तो अविश्वास आहे असे मी मुळीच म्हणणार नाही.

रात्रपाळी (बेळगाव)

मी परिचारिका आहे. काकांनी अंगठा धरला, त्याविषयी प्रामाणिकपणे लिहिते. अशा अवस्थेत तळहाताला स्पर्श झाला की मूठ आपोआप मिटणे ही कधी कधी केवळ मज्जातंतूंची प्रतिक्रिया असते. उलट, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली असे दाखवले की प्रतिसाद न देणाऱ्या काही मरणासन्न रुग्णांचे मेंदू शेवटच्या तासांतही आवाजाची दखल घेत होते. ऐकलेले त्यांना कळले का, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मी मात्र प्रत्येक रुग्णाच्या कानाशी सावकाश, त्याचे नाव घेऊन बोलते, आणि नातलगांनाही खाटेजवळ मालमत्तेचे विषय काढू देत नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. निकडीच्या वेळी कॅथलिक नियमाप्रमाणे कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, त्यासाठी धर्मगुरू असावाच लागतो असे नाही. पण ज्याने तो कधी मागितला नाही त्याच्या कपाळावर, केवळ नातलगांच्या आग्रहाखातर, पाणी घालू नये. मरणाऱ्याची इच्छा ही त्याचीच असली पाहिजे.

पायवारी (चिक्कोडी)

मी ख्रिस्ती नाही, तरी विचारतो. आमच्याकडे 'अंते मतिः सा गतिः' म्हणतात, अजामिळाची कथा सांगतात आणि मरणाऱ्याच्या मुखी तुळशीपत्र ठेवतात. मग वेगळेपण कशात आहे?

जुना धर्मशिक्षक (बेळगाव, कॅम्प)

साम्य मोठे आहे, आणि आपण विचारलेत याचा आनंद झाला. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाविषयी सांगून झाल्यावर लगेच, म्हणून सर्व काळी माझे स्मरण कर, असे म्हटले आहे. शेवटचा विचार हा जन्मभराच्या सवयीतून येतो, असा त्याचा आशय मी समजतो. आमचा भर मरणाऱ्याच्या स्मरणापेक्षा ऐकणाऱ्यावर अधिक आहे. चोराने 'माझी आठवण ठेव' म्हटले, म्हणजे स्मरणाचे काम त्याने समोरच्यावर सोपवले. म्हणूनच बेशुद्ध रुग्णालाही, शुद्धीत असता तर त्याने मागितला असता असे वाटण्याजोगे काही असेल तर, फादर अभ्यंग देतात. काकांची मूठ आपोआप मिटली होती की मनापासून, हे ठरल्याखेरीज आशा धरता येत नाही असे नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मावशीला हे सगळे वाचून दाखवले. मुठीविषयीचे ऐकताना ती मध्येच म्हणाली की डोळ्यांतले पाणी तिनेच पदराने पुसले होते, आणि ते गरम होते. शुद्धिस्थानाविषयीचा मजकूर तिने दोनदा वाचायला लावला. "पूर्ण समजावे लागेल" हे वाक्य आले तेव्हा यंत्राचे पायडल थांबले. महिन्याच्या मिस्सेसाठी काकांचे नाव द्यायचे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.