जुन्या फाइली मांडणीत घेताना सगळं फॉरमॅटिंग पुसावं का?

जुळारी
मत आधीच सांगतो, शिव्या नंतर घाला. टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, म्हणजे वर्डस्टार, वर्डपरफेक्ट, नव्वदच्या दशकातलं वर्ड, काहीही असो. इनडिझाइनमध्ये (पुस्तकाची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) घेण्याआधी फाइलचा साधा मजकूर करावा. बोल्ड गेलं, टॅबची मापं गेली, जाऊ देत.

त्या काळचा लिहिणारा कीबोर्डवर टाइपरायटरच्या सवयीने बसायचा. परिच्छेद आत सरकवायला पाच स्पेस, शीर्षक मध्यावर आणायला वीस, नवं पान हवं की एंटर, एंटर, एंटर. तक्तेसुद्धा स्पेस मारमारून उभे केलेले. हे सगळं जपून आणलं की मांडणीत चिखल होतो. वर्डची फाइल थेट प्लेस केली तर नको असलेल्या स्टाइलींची पलटण येते आणि पॅनेलमध्ये जिथे तिथे अधिकचं चिन्ह, म्हणजे स्टाइलवर हाताने वेगळं फॉरमॅटिंग चढवल्याची खूण. एका पुस्तकात ती चिन्हं निस्तरण्यात माझा जेवढा वेळ गेला, तेवढ्यात ते नव्याने मांडून झालं असतं.

तिरपी_रेघ
साफ असहमत. स्पेस-एंटर हा कचरा, मान्य. पण इटॅलिक? ग्रंथाचं नाव, परभाषेतला शब्द, वाक्यातला जोर, हे लेखकाने ठरवून तिरपं केलेलं असतं. ते पुसलंत तर शेकडो पानांत कुठे कुठे होतं हे हुडकत बसणार बिचारा मुद्रितशोधक, आणि तेही छापील प्रत हाताशी असली तरच.

दुसरं, फाँट. सिंबॉल फाँटमधला अल्फा फाइलीत नुसता इंग्रजी 'ए' असतो. तो अल्फा आहे हे फक्त फाँटचं नाव सांगतं. युनिकोडपूर्व देवनागरी फाँटांचं तेच, फाइलीत इंग्रजी अक्षरांचेच कोड. फाँटचं नाव पुसलं की मधले इंग्रजी शब्द कुठले आणि देवनागरी कुठली, हे जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या कन्व्हर्टरला कळणार कसं? तो इंग्रजीचीही देवनागरी करून ठेवतो, आणि मग हसावं की रडावं कळत नाही.

उपाय फार अवघड नाही. आधी फाइंड-चेंजने इटॅलिक शोधून त्याला कॅरेक्टर स्टाइल (नाव दिलेलं अक्षरांचं फॉरमॅटिंग) लावा, मग ओव्हरराइड, म्हणजे हाताने चढवलेलं फॉरमॅटिंग, पुसा. कॅरेक्टर स्टाइल त्यात टिकते.

आठवा_बिट
'साधा मजकूर करा' म्हणायला सोपं आहे हो. डॉक्युमेंट मोडमधली जुनी वर्डस्टार फाइल नुसत्या एडिटरमध्ये उघडून बघा, शब्दांची शेवटची अक्षरं भलतीच दिसतात. ओळी दोन्हीकडून समतल करण्यासाठी वर्डस्टार त्या अक्षरांचा आठवा बिट (अक्षराच्या कोडातला सगळ्यात वरचा ०/१) चढवून ठेवायचा. मग लोक काय करतात, तर सरसकट सगळ्या फाइलीचा तो बिट उतरवतात. अक्षरं वाचता येतात, पण परिच्छेद मरतात! वर्डस्टारने आपोआप मोडलेल्या ओळीचा शेवट हेक्स कोडात ८डी, माणसाने दाबलेल्या एंटरचा ०डी. दोघांत फरक त्या एका बिटाचाच. तो उतरवला की प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद होऊन बसते.

म्हणून आधी ८डी आणि त्याच्यामागचा ०ए (नव्या ओळीचा कोड) काढून तिथे एक स्पेस ठेवा, मगच बिटाला हात लावा. दुहेरी झालेल्या स्पेस नंतर आवरता येतात. टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी (डॉट पीए म्हणजे नवं पान) उडवा. शब्दाच्या मागेपुढे कंट्रोल-एस (फॉरमॅटिंगची न दिसणारी खूण, म्हणजे कंट्रोल कॅरेक्टर) असेल तर तो अधोरेखित, आणि टाइपरायटरच्या रिवाजात अधोरेखित म्हणजे छपाईत तिरपं. तेवढं टॅगमध्ये बदलून घ्या. जुळारी, तुमच्या पद्धतीत हे कंट्रोल कॅरेक्टर गुपचूप गायब होतात.

जुळारी
८डीचं माहीत नव्हतं. एका फाइलीतले 'परिच्छेद' मी हाताने जोडत बसलो होतो, त्याचा उलगडा आज झाला. असो. तरीही वर्डच्या फाइलींबद्दल मी जागचा हलत नाही.

कच्चा_खर्डा
तुम्ही सगळे फाइलीवरून भांडताय, पण फाइल म्हणजे पुस्तक हे ठरवलं कुणी? मजकूर वर्डस्टारमध्ये टाइप झाला, पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतला, आणि त्यानंतरची सगळी प्रुफं पेजमेकरमध्येच दुरुस्त झाली. वर्डस्टारची फाइल तिथेच गोठली. गाळलेला परिच्छेद, लेखकाने शेवटच्या क्षणी बदललेलं वाक्य, त्यात काहीच नाही. अशा फाइलीतून नवी आवृत्ती काढली की जुन्या चुका पुन्हा छापून येतात. मी हे एकदा केलंय आणि लेखकाचा फोनही घेतलाय.

अपवाद व्हेंच्युराचा. १९८६ साली आलेलं हे मांडणीचं सॉफ्टवेअर मजकूर मूळ फाइलीतच ठेवायचं आणि मांडणीत केलेली दुरुस्ती परत तिच्यात लिहायचं. ओळीच्या सुरुवातीला @ आणि पुढे टॅगचं नाव दिसलं तर ती फाइल जपा. बाकीच्यांना माझ्या लेखी खर्ड्याचीच किंमत. सरळ छापील प्रत स्कॅन करून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्या.

तिरपी_रेघ
ओसीआर एक अनुस्वार गिळतं आणि शब्द वेगळाच होतो, त्याचं काय? दोन्ही ठेवा. फाइलीचा मजकूर आणि ओसीआरचा मजकूर शेजारी लावून तुलना करा. जिथे फरक दिसेल तेवढंच छापील पान उघडायचं. एक तर ओसीआरची चूक असेल, नाहीतर खर्डेबुवांची हरवलेली प्रूफदुरुस्ती.

आठवा_बिट
+१. मात्र तुलनेआधी मोडलेल्या ओळी जोडून घ्या, नाहीतर ओळीगणिक फरक दिसेल.

जुळारी
आणि अशी तुलना करायला दोन्हीकडून काय लागतं? साधा मजकूर. मी आपलं फक्त नोंदवून ठेवतो.