मदत हवी आहे: अकाउंटंटच्या कामाचा दर्जा मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

एम.कॉम.च्या प्रकल्पाला विषय घेतलाय: परवान्याच्या अटी कडक केल्या की अकाउंटंटचं काम सुधारतं का? घेताना सोपा वाटला होता.

अमेरिकेतला १५० तासांचा नियम निवडलाय. तिथे पदवी साधारण १२० क्रेडिट तासांची (कॉलेजातला अभ्यास मोजायचं एकक), सीपीए म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाच्या परवान्याला मात्र १५० तास लागायला लागले. म्हणजे जवळपास एक वर्ष जादा. (ते तीस तास अकाउंट्सचेच हवेत असंही बऱ्याच राज्यांत नाही!) फ्लोरिडात नियम १९८३ साली आला, बाकीची राज्यं सवडीने मागून आली. परीक्षा सगळीकडे एकच. तुलनेला याहून सोयीचं काय असणार?

घोडं अडलंय ते ‘दर्जा’पाशी. अशिलाला कळतं ते बिल किती झालं आणि विवरणपत्र वेळेत गेलं का, एवढंच. आतली चूक वर यायला वर्षं लागतात, कधी येतच नाही. सर म्हणाले, शिस्तभंगाच्या कारवाया मोज. पण जिथलं परवाना देणारं मंडळ जागरूक तिथेच कारवाया जास्त दिसणार ना? पगार धरावेत तर माणसं कमी पडली तरी पगार वाढतातच.

कुणी असं काम केलंय का? दुसरा काही मापदंड सुचतो का?

प्रतिसाद १
कंपन्यांना ताळेबंद दुरुस्त करून पुन्हा जाहीर करावे लागतात, ते मोज. फक्त त्यात छोटे व्यावसायिक येत नाहीत. आणि मुळात ‘अकाउंटंट’ म्हणजे कोणतं काम ते आधी ठरव. ब्रिटनमध्ये स्वतःला अकाउंटंट कुणीही म्हणवून घेऊ शकतो, वैधानिक (कायद्याने सक्तीच्या) ऑडिटला मात्र नोंदणी लागते. दोन्ही एका मापाने मोजशील तर फसशील.

प्रतिसाद २
परवानाधारक महाग झाला म्हणून जो छोटा दुकानदार स्वतःच वह्या लिहायला बसतो, त्याच्या चुका कुठे धरणार आहेस? सगळे परवानाधारकांचाच दर्जा मोजतात.

धागाकर्ता
दोघांचे आभार. ऑडिटपुरतंच मर्यादित ठेवतो. पण एक शंका: हिशेबातल्या घोटाळ्याने बुडालेल्या एनरॉन कंपनीच्या ऑडिटरकडे, म्हणजे आर्थर अँडरसनकडे, परवाने होतेच की. त्या फर्मने २००२ मध्ये ते परत केले. मग अशी प्रकरणं आकडेवारीत ठेवू की वगळू?