वॉटर कूलिंगची नळी दुधाळ झालीय, सीपीयू ८८ डिग्रीला जातोय. नुसतं कूलंट बदलू की सगळं उघडू?

सावकाश
नमस्कार मंडळी. ५ वर्षांपूर्वी सगळे पार्ट सुटे आणून स्वतः बसवलेलं मशीन आहे. ५८००एक्स सीपीयू आणि ३०७० ग्राफिक्स कार्ड, दोन्हीवर वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा), ३६० आणि २४० मिमीचे दोन रेडिएटर, डी५ पंप आणि पारदर्शक मऊ पीव्हीसी नळी. आधी दरवर्षी कूलंट बदलायचो पण मागची दोन वर्षं राहूनच गेलं. आता नळी आतून पांढरट झालीय, पलीकडचं काही दिसत नाही, रिझर्व्हायरच्या भिंतीलाही तसाच थर धरलाय. रेंडर लावलं की सीपीयू आधी ७२-७३ ला थांबायचा तो आता ८८ ला जातो, पंखे मात्र आहेत तसेच शांत फिरतात. सीपीयू आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट बदलून बघितली, एका डिग्रीचाही फरक नाही.

दुसरं म्हणजे ४०८० कार्ड घ्यायचं चाललंय आणि पुढेमागे एएम५ वर (एएमडीचं आताच्या एएम४ नंतरचं सॉकेट) जायचंय. मग आत्ता नुसतं पाणी बदलून वेळ मारून न्यावी की कार्ड येईल तेव्हा सगळंच उघडावं? आणि जुने रेडिएटर पुरतील का? या मशीनवर मी फार मेहनत घेतलीय, घाईत काहीतरी करून वाट लावायची नाहीये.

तांब्याचा_ठोकळा
पंखे शांत आहेत म्हणालात ते महत्त्वाचं आहे. पंख्यांचा वेग सीपीयूच्या तापमानावर लावलाय की पाण्याच्या? पाण्याच्या असेल तर पाणी फारसं गरम होत नाहीये, म्हणजे उष्णता सीपीयूकडून पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि पेस्ट नवीन आहे म्हटल्यावर संशय एकाच जागी राहतो, सीपीयू ब्लॉकच्या आत. सेन्सर असेल तर रेंडर चालू असताना पाण्याचं तापमान बघून सांगा. पाणीही ४५-५० ला गेलं असेल तर गोष्ट वेगळी, मग रेडिएटरमध्ये धूळ किंवा पंप मंदावलाय असं बघावं लागेल.

सावकाश
हो, पंखे पाण्याच्याच सेन्सरवर आहेत. आत्ता अर्धा तास रेंडर चालवून बघितलं, पाणी ३५ आणि सीपीयू ८८.

तांब्याचा_ठोकळा
मग ब्लॉकच. ती पांढरट गोष्ट बहुतेक शेवाळ नाही, शेवाळ हिरवट आणि बुळबुळीत असतं. पीव्हीसी नळी मऊ राहावी म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेलं असतं, ते वर्षानुवर्षं गरम कूलंटमध्ये सुटत राहतं आणि जिथे वाट सगळ्यात अरुंद तिथे जाऊन बसतं. ब्लॉकमधल्या तांब्याच्या पट्ट्यांमधली फट मिलिमीटरपेक्षाही बरीच कमी असते, त्यामुळे ती गाळणीचंच काम करते. नुसतं कूलंट बदललंत तर नवं पाणी त्याच बुजलेल्या फटींवरून जाईल, काडीचा उपयोग नाही.

कार्डाची वाट बघू नका, ब्लॉक आत्ताच उघडा. उघडताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, विशेषतः आतली जेटप्लेट (फटीतून पट्ट्यांवर पाणी सोडणारा पातळ पत्रा) कुठल्या बाजूने बसलीय त्याचा, ती उलटी बसली की तापमान वाढतं आणि माणूस दिवसभर चूक शोधत बसतो. पट्ट्यांवर मऊ टूथब्रश, कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि ब्रश पट्ट्यांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा नाही. निकेलचा मुलामा असेल तर व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका, मुलामा उडतो. वरचं झाकण अ‍ॅक्रिलिकचं असेल तर त्याला स्पिरिट किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) अजिबात नको, त्याने बारीक चिरा पडतात आणि त्या नंतर कधी गळतील सांगता येत नाही. ही चूक मी स्वतः केलीय म्हणून इतकं ठासून सांगतोय.

नळी मात्र ठेवू नका. ईपीडीएम रबराची काळी नळी घ्या. दिसायला साधी असते, आतलं पाणी दिसत नाही, पण हा त्रास होत नाही.

रात्रपाळी
वरच्याशी सहमत, फक्त एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. सीपीयू ब्लॉक उघडताय तर जीपीयू ब्लॉक (ग्राफिक्स कार्डावरचा) आणि दोन्ही रेडिएटरही धुवाच. एकाच पाण्यात होते ना सगळे? एक साफ केला आणि बाकीच्यांत गाळ राहिला तर दोन महिन्यांत पुन्हा तिथेच याल. रेडिएटरमध्ये गरम डिस्टिल्ड वॉटर भरायचं, दोन्ही तोंडं बंद करून नीट हलवायचं, ओतायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत. नळाचं पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका, क्षार मागे राहतात. आणि नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरूनही चालवू नका, गंज आणि शेवाळ रोखणारं काहीतरी त्यात लागतंच, म्हणून तयार पारदर्शक कूलंट बरं. ते रंगीत अपारदर्शक प्रकार दिसतात छान पण त्यांचा साका बसतो.

भरताना बोर्ड, कार्ड कशालाच करंट द्यायचा नाही, फक्त पंपाला. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या कनेक्टरला जंपर प्लग (बोर्ड न जोडता सप्लाय चालू करणारा) लावा. पंप कोरडा फिरवू नका, डी५ चं बेअरिंग पाण्यावरच चालतं. रिझर्व्हायर भरा, दोन सेकंद चालू, बंद, परत भरा, असं करत करत जायचं. त्याआधी हवा भरून प्रेशर टेस्ट करा, अर्धा बार ठेवून अर्धा तास काटा हलला नाही पाहिजे.

आता अपग्रेड. ३०७० चा ब्लॉक ४०८० ला लागणार नाही, आणि नुसतं ४०८० चा ब्लॉक असं बघूनही घेऊ नका, तुमच्या कंपनीच्या त्याच मॉडेलच्या बोर्डाला बसतो का ते बघा. थर्मल पॅडची (कार्डावरच्या बाकीच्या भागांवर ठेवायच्या मऊ पट्ट्यांची) जाडी मॅन्युअलमध्ये असते तीच घ्यायची, अर्धा मिमी जास्त झाली तरी मुख्य चिप ब्लॉकला नीट टेकत नाही. ३०७० २२० वॉटचं, ४०८० ३२० वॉटचं, म्हणजे १०० वॉट जास्त, तरी ३६० अधिक २४० आरामात पुरेल, पंखे थोडे जोरात फिरतील इतकंच. एएम५ ला भोकांचं अंतर एएम४ चंच आहे पण मागची प्लेट सॉकेटला पक्की जोडलेली असते, तुमचा ब्लॉक स्वतःची बॅकप्लेट वापरत असेल तर नवीन ब्रॅकेट लागेल. आणि ७७००एक्स सारखा घेतलात तर पूर्ण लोडवर ९५ दिसले म्हणून घाबरू नका, एएमडीने ते प्रोसेसर तिथपर्यंत जायला बनवलेत. तेव्हाही पाण्याचंच तापमान बघायचं.

सावकाश
दोघांचे मनापासून आभार. शनिवार रविवार याच्यातच गेला. ब्लॉक उघडला तर पट्ट्यांच्या बरोबर मधोमध, जेटप्लेटची फट येते त्या रेषेत, मेणासारखा पांढरा पट्टा बसला होता, नखाने सोलला तर अख्खा तुकडा निघाला. कडेच्या पट्ट्या मात्र चकचकीत. म्हणजे सगळं पाणी कडेकडेने निघून जात होतं. जुनी नळी उभी चिरून बघितली तर आतून हाताला चिकट लागत होती.

प्रेशर टेस्टला पहिल्यांदा काटा दहा मिनिटांत उतरला. शोधता शोधता जीपीयू ब्लॉकच्या फिटिंगची ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) चिमटलेली सापडली, ती बदलली, मग तासभर काटा जागचा हलला नाही. ही टेस्ट टाळली असती तर पाणी थेट कार्डावर आलं असतं. आत्ता तेच रेंडर, पाणी ३६, सीपीयू ७१.

एकच शंका, पंपातून मधूनमधून खरखर येते. काही गडबड?

तांब्याचा_ठोकळा
हवा अडकलीय. पंप चालू ठेवून केस हळूहळू चारी बाजूंनी कलती करा, वरच्या रेडिएटरमधले बुडबुडे रिझर्व्हायरमध्ये येतील. चार-पाच दिवसांत पातळी खाली जाईल तेवढं कूलंट वरून टाका. आठवड्यानंतरही खरखर राहिली तर इथे लिहा, मग पंप बघू.