आपणच आपल्या कामाच्या आड येतो तेव्हा (अनुभव धागा)

समास
परवा भाचीचा फोन आला. नोकरी सोडून स्वतःचं डिझाइनचं काम सुरू करून तिला काही महिने झालेत. म्हणाली, "मावशी, काम आहे, वेळ आहे, घरात अडवणारं कुणी नाही, तरी दिवस कुठे जातो कळत नाही. तुझं व्हायचं का गं असं?"

ते ऐकलं आणि अनुवादाला सुरुवात केली ती वर्षं आठवली. तेव्हा वाटायचं, सगळा दोष मोबाइलचा. तो दुसऱ्या खोलीत ठेवला तर मी शब्दकोश चाळत बसायचे. एका शब्दाचं मूळ शोधता शोधता सकाळ सरायची आणि ते कामच वाटायचं. मग नीट लक्ष ठेवलं. मधल्या पानांवर मी कधी रेंगाळत नाही. रेंगाळते ती पहिल्या पानाशी, आणि शेवटचा हात फिरवून मजकूर पाठवायची वेळ आली की. म्हणजे जिथे कुणीतरी मला जोखणार, नेमकं तिथे.

पुढे दोन गोष्टींनी फरक पडला. दिवसाचं काम परिच्छेद संपवून थांबवत नाही. वाक्य अर्धं सोडते, पुढचे शब्द सुचलेले असतानाच. सकाळी कुठून सुरू करायचं हा प्रश्नच उरत नाही. आणि मजकूर कधी देणार ते समोरच्याने विचारलं नसलं तरी आधीच कळवून टाकते, "गुरुवारी दुपारी पहिली दहा पानं पाठवते." मग गुरुवारी माझ्या मनःस्थितीला कुणी विचारत नाही.

भाचीला हे सांगितलं, पण तिचं काम वेगळं, स्वभाव वेगळा. ज्यांच्या डोक्यावर साहेब नाही अशा सगळ्यांनी लिहा. तुम्ही कशात अडकता, आणि सुटलात तर कसे सुटलात?

पाटीपेन्सिल
बाळ झोपलंय तोवर लिहिते. माझं बिल अडतं. काम वेळेत, समोरचा खूश, आणि बिल महिनाभर पडून. रक्कम लिहिताना हात थांबतो. जास्त तर नाही ना, त्यांना काय वाटेल. आता काम घेतलं की त्याच दिवशी बिल बनवून ठेवते, फक्त तारीख रिकामी. काम पाठवते त्याच मेलला जोडते. त्या वेळी विचार करायला जागाच ठेवायची नाही
उठलं. नंतर येते

धारदार
सुतारकाम करतो. हात भुशाने भरलेले, त्यामुळे मोबाइलचा त्रास कमी. पण टाळायला मोबाइलच लागतो असं नाही. मी पटाशीला धार लावतो. धार तर लागतेच, त्यामुळे कुणी नाव ठेवू शकत नाही, मी स्वतःसुद्धा नाही. चांगलं सागवान आलं, पहिली करवत चालवायची आहे, की मी पुन्हा मापं घेणार, रंधे उतरवून पुसणार, पाती जुळवणार. एकदा कापलं की परत जोडता येत नाही ना.

आता धार संध्याकाळी, काम उरकल्यावर. हत्यारं तयार करूनच घरी जायचं. आणि एक सांधा खूण करून ठेवायचा, सकाळी आल्या आल्या तो कापायचा. एकदा करवत चालली की हात आपोआप पुढे जातात. अडतं ते फक्त त्याच्या आधी.

बेतकाप
धारदारदादा, अगदी अगदी! कापड बेतून झालं, खडूच्या रेषा मारून झाल्या, कात्री लावायची, आणि मी बटणं रंगवार लावत बसलेली असते. गिऱ्हाइकाचं स्वतःचं कापड असेल तर जास्तच. शिवण उसवता येते, कापलेलं नाही.
मी कटिंगचा दिवसच वेगळा केला. त्या दिवशी मशीनवर कव्हर घातलेलं, शिवायचं काहीच नाही. लागोपाठ कापत गेलं की तिसऱ्याचौथ्या कापडाला भीती ओसरलेली असते.

कोडकरी
+१
मी पहिल्या वर्षी वेबसाइटचा लोगो बदलत बसलो, हिशेबाची तीन अ‍ॅप्स लावून पाहिली, फोल्डरांना नावं दिली. ग्राहकाला एक फोन करायचा होता तो राहिला. सविस्तर नंतर टंकतो

मनोव्यापार
समासताई, तुमच्या 'जोखणार'वरून सांगतो. मी आधी मानसशास्त्र शिकवायचो, आता स्वतंत्रपणे समुपदेशन करतो. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काहींना सुटणारी कोडी दिली, काहींना बहुतेक न सुटणारी. निकाल मात्र सगळ्यांना एकच: तुम्ही उत्तम सोडवलंत. मग दुसऱ्या चाचणीआधी दोन औषधांपैकी एक निवडायला सांगितलं, एक बुद्धी तल्लख करणारं, दुसरं मंदावणारं. (तसं फक्त सांगितलं होतं.) न सुटणाऱ्या कोड्यांवर शाबासकी मिळालेल्या पुरुषांचा कल मंदावणाऱ्या औषधाकडे जास्त होता. स्त्रियांमध्ये हा परिणाम तसा दिसला नाही.

आपल्याला यश का मिळालं हे ज्याला कळलेलं नसतं, त्याला ते पुन्हा मिळेल याचा भरवसा नसतो. मग अपयशाचं कारण आधीच हाताशी असलेलं बरं वाटतं. स्वतःचं काम करणाऱ्यांचं हे वारंवार होतं. एका ग्राहकाने तोंडभरून कौतुक केलं की पुढच्या कामाला हात लावावासा वाटत नाही. म्हणून कौतुक आलं की मी त्याच दिवशी लिहून ठेवतो, मी नेमकं काय केलं म्हणून हे जमलं. "नशीब चांगलं होतं" असं लिहायचं नाही, कृती लिहायची. पुढच्या वेळी ती वही उपयोगी पडते.

बेतकाप
हे फारच पटलं सर. एका लग्नाचे कपडे फार छान झाले होते, सगळ्यांनी नाव काढलं, आणि त्यानंतरच्या ऑर्डरला मी कितीतरी दिवस हात लावला नव्हता. वाटलं दमले असेन.

अर्धविराम
माझं वेगळं म्हणणं. सगळंच भीतीपोटी होत नाही. मला लहानपणापासून आळशी, धांदरट म्हणत आले, मीही तसंच मानलं. नोकरीत निभावलं, कारण वेळा दुसऱ्याने बांधून दिलेल्या होत्या. स्वतःचं काम सुरू केलं आणि सगळं कोसळलं. यादी केली, अलार्म लावले, मोबाइल कपाटात ठेवला, काही टिकलं नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेले, नीट तपासणी झाली, एडीएचडी (लक्ष टिकवायला आणि कामं मार्गी लावायला अडचण येते तो विकार) निघालं. औषध आणि समुपदेशन दोन्ही चालू आहे. यातलं कुणी स्वतःला वर्षानुवर्षं बोल लावत असेल आणि उपायांमागून उपाय फसत असतील, तर एकदा तपासून घ्या. इच्छाशक्ती कमी आहे असं समजून स्वतःला छळू नका.

समास
अर्धविराम, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. भाचीला हा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. किती वर्षं ते शब्द ऐकून घेतले असतील तुम्ही, वाईट वाटलं.

पाटीपेन्सिल
अर्धविराम 🤗🤗

कोडकरी
आलो. मधे सर्व्हर बसला होता.
फोन टाळण्याखेरीज माझा दुसरा रोग म्हणजे दर थोड्या वेळाने मेल उघडणं. बहुतेक वेळा काही नसतं, अधूनमधून नवीन काम आलेलं असतं. ते 'अधूनमधून'च हात खेचतं. दर वेळी मेल असती किंवा कधीच नसती तर इतकी ओढ लागली नसती. आता मेल दिवसातून ठरलेल्या वेळीच, सूचना बंद.

आणखी एक. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्ष काही प्रमाणात पहिल्यातच राहतं. एकाच वेळी चार ग्राहकांचं काम करणाऱ्याला हे रोज भोगावं लागतं. लरॉय यांच्या पुढच्या संशोधनातला उपाय साधा आहे, उठण्याआधी एका ओळीत लिहायचं की कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. मी ती ओळ कोडमध्येच कॉमेंट म्हणून टाकतो.

रातकिडा
समास, तुमचं ते अर्धं वाक्य मला जमणार नाही. अर्धं सोडलं की रात्रभर डोक्यात फिरतं, झोप लागत नाही.

मनोव्यापार
रातकिडा, ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच लिहिलं होतं की अपुरी राहिलेली कामं पुऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात. नंतरच्या प्रयोगांत हे दर वेळी तसंच दिसलं असं नाही, पण तुम्हाला त्रास होतो हे खरंच आहे. कोडकरींची ती ओळ लिहून पाहा. २०११ मध्ये मॅसिकांपो आणि बाउमायस्टर यांना आढळलं की काम पुरं झालं नाही तरी ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं की मनात घोळणं बरंच कमी होतं.

समास
मीही पुढचे शब्द समासात पेन्सिलीने लिहून उठते. तेवढ्याने रात्री त्रास होत नाही.

रातकिडा
बघतो आज. खरं तर माझी झोप कंबरेमुळेही जाते. @धारदार, तुम्ही सुतार आहात म्हणून विचारतो, टेबल-खुर्चीची उंची कशी ठरवायची? आणलेली सगळी उंच वाटतात.

धारदार
टेबल नंतर, आधी खुर्ची. बसल्यावर पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे, गुडघा साधारण काटकोनात. मग हात खाली सोडून कोपर दुमडा. कोपर जिथे येतं ती टेबलाची उंची, कीबोर्ड जाड असेल तर किंचित खाली. टेबल उंच असेल आणि कापायचं नसेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली फळी ठेवा. मांड्यांना खालून टेबल लागता कामा नये.

रातकिडा
फळीचं सुचलंच नव्हतं. आभार!

अर्धविराम
विषयाकडे येते. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे सोबत. एक मैत्रीण आणि मी व्हिडिओ कॉल लावतो, सुरुवातीला एकमेकींना सांगतो आता काय करणार, मग आवाज बंद करून आपापलं काम. शेवटी झालं की नाही ते सांगायचं, बस. कुणी बघत नसतं, पण कुणीतरी आहे एवढ्यावर मी जागेवरून उठत नाही.

बेतकाप
कटिंगच्या दिवशी असं कुणी असेल तर किती बरं! मशीनचा आवाजही नसतो त्या दिवशी, फार एकटं वाटतं. अर्धविराम, तुमच्यात जागा आहे का?

अर्धविराम
या की! मैत्रीण पुढच्या महिन्यात नाहीये, मला सोबत हवीच होती. सोमवार-गुरुवार, दुपारी बारा?

पाटीपेन्सिल
मलापण घ्या ना. फक्त बारा नको, साडेअकरा करा. बाळ एकपर्यंत उठतं. सोमवारी दोन बिलं पाठवायची आहेत, ती तिथेच बसून पाठवते

बेतकाप
साडेअकरा चालेल. मी कात्री हातात घेऊनच येते.

अर्धविराम
ठरलं. दोघींना निरोपातून लिंक पाठवते.