रजिस्ट्रेशन: 'नोंदणी' की 'जुळवणी'?

धरमपेठकर: नागपुरातल्या पेशंटांसाठी रेडिओथेरपीचं, म्हणजे किरणांच्या शेकाचं, माहितीपत्रक मराठीत करतोय. 'प्लॅनिंग सीटीवर आधीचे पेट आणि एमआरआय रजिस्टर करतात' (प्लॅनिंग सीटी म्हणजे शेक आखायला काढलेला स्कॅन; पेट हाही एक स्कॅनच) यात 'नोंदणी' घातलं, तर संपादकांनी कापलं. काय लिहावं?

किरणभौतिकी: 'नोंदणी' वाचलं की माणूस कार्ड काढायला ओपीडीच्या खिडकीकडे जातो. 'जुळवणी' लिहा. डोसचा, म्हणजे किरणांच्या मात्रेचा, हिशेब सीटीवर होतो, पण मेंदूतल्या गाठीची कड एमआरआयवर नीट दिसते. म्हणून एक चित्र दुसऱ्यावर तीन दिशांना सरकवायचं, तीन अक्षांभोवती फिरवायचं, कवटीवर कवटी बसेपर्यंत.

महालवाले: जुळवणी पत्रिकांची होते. शास्त्राला 'संरेखन' शोभतं.

बर्डी प्रेस: छपाईत चार रंग एकावर एक नेमके बसले की रजिस्टर जुळलं म्हणतात. क्रियापद जुळणंच. मला तर ते 'जुळे', म्हणजे 'युगल'च्या घरातलं वाटतं.

महालवाले: वाटण्यावर व्युत्पत्ती ठरत नाही, भाऊ.

किरणभौतिकी: संरेखन कवटीपुरतं ठीक. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाणाऱ्या पेशंटचं काय? तोंडाच्या कॅन्सरला सहा-सात आठवडे शेक चालतो. वजन उतरतं, डोकं स्थिर धरणारा मास्क सैल होतो, कानाजवळच्या लाळेच्या पॅरोटिड ग्रंथी आकसून आत सरकतात. मग नवा सीटी जुन्यावर नुसता सरकवून बसत नाही, जागोजागी ताणावा लागतो. तेच डिफॉर्मेबल. धोकाही तिथेच: विरघळलेल्या गाठीला नव्या चित्रात जोडच नसते, तरी सॉफ्टवेअर शेजारची निरोगी ऊती ओढून ती जागा भरतं. चित्र सुबक दिसतं, पण त्यावर बेरीज केलेला डोस खोटा असतो.

धरमपेठकर: मग डिफॉर्मेबलला 'विरूपणक्षम'?

बर्डी प्रेस: नको हो! जबड्याचं ऑपरेशन झालेला माणूस 'विरूप' वाचून काय समजेल? 'लवचिक जुळवणी' करा.

महालवाले: लवचिक म्हणजे सोडलं की मूळपदावर येणारं. हे येतं का?

किरणभौतिकी: येत नाही. पण शब्दाआधी तपासणी सांभाळा. एएपीएम या अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेचा 2017 चा टीजी-132 अहवाल चूक साधारण एका व्हॉक्सेलच्या, म्हणजे त्रिमितीय चित्रातल्या सर्वांत छोट्या ठोकळ्याच्या, आत, 2-3 मिमीपर्यंत ठेवायला सांगतो. चेकरबोर्डवर दोन्ही चित्रांचे चौकोन आलटून पालटून लावायचे. जबड्याच्या हाडाची कड चौकोनाच्या सीमेवर तुटली की तिथेच थांबायचं. पेट-एमआरआय सपाट टेबलावर, त्याच मास्कमध्ये काढले तर बरंच काम सोपं होतं. बाकदार टेबलावर मान वेगळी वळलेली असली की कुठलंही सॉफ्टवेअर झगडतं.

धरमपेठकर: पत्रकात 'फ्यूजन'ही आहे. तीही जुळवणीच ना?

किरणभौतिकी: नाही. जुळवणी आधी, जुळलेली चित्रं एकत्र रंगवून दाखवणं म्हणजे फ्यूजन.

महालवाले: मग ते 'संमीलन'.

बर्डी प्रेस: 'मिलाप' का नको?