अनुभव धागा: पोथीत नसलेल्या, पण घरात असलेल्या रीती

गौरी काल गेल्या. घर ओकंओकं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर चिपळूणचं, कोकणस्थांचं. गौरी जेवतात त्या दिवशी आमच्याकडे घावन-घाटलं असायचं. सासर नौपाड्यातलं, सीकेपी. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला सासूबाई सकाळी सातच्या आत बाजारातून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेऊन आल्या. नांग्या दोऱ्यानं बांधलेल्या, पिशवी हलत होती. मला वाटलं, गौरी-गणपती गेल्यावरची तयारी असेल. दुपारी गणपतीपुढे पडदा ओढला गेला आणि तेरड्याच्या गौरीपुढे केळीच्या पानावर चिंबोऱ्यांचं कालवण आणि भात वाढला. मी स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माहेरवाशीण आहे ती. खाडीकाठच्या घरी आलीय. तिला आवडतं ते नको का करायला?"

तीच देवी, तीच तिथी, तोच तेरडा. ताट तेवढं वेगळं. पुढची कितीतरी वर्षं मी यावर विचार करत राहिले. आपण धरून चालतो की आधी धर्म येतो आणि त्यातून रीती निघतात. मला मात्र बऱ्याचदा उलटं दिसलं. खाडी, शेत, ऋतू, धंदा हे आधीपासून असतं, धर्म तिथे राहायला येतो आणि जे सापडेल त्याला देवापुढे बसवतो. आणि एकदा देवापुढे बसलं की ते शेकडो वर्षं हलत नाही.

तुमचे अनुभव हवे आहेत. कोणताही धर्म, कोणताही देश चालेल, पण स्वतः पाहिलेलं, केलेलं, खाल्लेलं सांगा. मूळ कोणाचं, हा वाद इथे नको.

उथळसर, ठाणे

ताई, तुमच्या चिंबोऱ्या आमच्याकडे चालायच्या नाहीत. ज्याला खवले आणि पर, तोच मासा आम्ही खातो. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं, असं घरात पिढ्यान्पिढ्या सांगत आलेत. गावोगाव तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. हिब्रू विसरलो होतो, पण शनिवार विसरलो नाही. आडनावंही तुमच्यासारखीच, गावावरून: पेणकर, रोहेकर, दिवेकर. ठाण्यातलं आमचं सिनेगॉग, शआर हाशामाईम, १८७९ सालचं आहे.

आमचा धर्म सांगतो, मांस आणि दूध एकत्र करायचं नाही. आता कोकणात राहणाऱ्या बाईनं काय करावं? तिच्या परसात नारळ होता. त्यामुळे मटणाच्या रश्शात नारळाचं दूध आणि जेवणानंतरच्या गोडातही नारळाचंच दूध. नवं वर्ष, म्हणजे रोश हशाना, जवळ आलं की आई गव्हाचा चीक काढते आणि नारळाच्या दुधात हलवा घोटायला बसते. दोन-दोन तास कलथा थांबत नाही. थांबला की गुठळ्या. नियम तोरातला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला, नारळ कोकणातला. दोन्ही एकाच पातेल्यात.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हनाबीचं, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताचं नाव घेऊन, बराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणून मगच तोंडात टाकायचा. लग्नाआधी, नवस फेडायला, नव्या घरात शिरताना आम्ही मलिदा करतो. माझी मावशी इस्रायलला अश्दोदमध्ये असते. तिच्या नातवाला मराठी येत नाही, पण सैन्यातून सुखरूप परत आला तेव्हा घरात मलिदाच केला होता. इतर देशांतल्या ज्यूंना हा प्रकार माहीतच नाही.

घणसोली

आम्ही आगरी. आमच्या लग्नात धवलारीण असते. भटजी नाही, बाई, आपल्यातलीच. हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, लागतात. माझी आजी धवलारीण आहे. पुस्तक नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. तिला तिच्या आत्यानं शिकवलं. लहानपणी मला हे विशेष वाटायचंच नाही. कॉलेजात मैत्रिणी म्हणाल्या, "लग्न बाई लावते?" तेव्हा कळलं, आपल्याकडे काय आहे.

१९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि शेतं गेली. आजीच्या धवल्यांत भात कांडायचं, शेतावरून यायचं, मांडवाला डहाळे आणायचं सगळं येतं. आता तांदूळ दुकानातला, मांडव कंत्राटदाराचा. माझ्या भावाच्या लग्नात डीजे इतका मोठा होता की आजी मधेच गप्प बसली. मी जाऊन तो बंद करायला लावला. भांडण झालं, पण आजीनं पुढचं पूर्ण केलं.

चैत्रात आम्ही एकवीरेला जातो. कार्ल्याला देवीचं देऊळ आणि बौद्ध चैत्यगृह अगदी लागून आहे, देऊळ लेण्याच्या तोंडाशीच. लेणं दोन हजार वर्षांचं. आजी देवीला ओटी भरते आणि मग लेण्यातल्या स्तूपालाही हात जोडते. तो बुद्धाचा आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "आईच्या शेजारचा हाय ना."

नेरूळ

मी ३१ वर्षं बोटीवर होतो. एकदा जावा बेटावर सेमारांगला इंजिनाच्या कामामुळे बरेच दिवस थांबावं लागलं. एजंटच्या ऑफिसातला एक मुलगा मला जवळच्या कुदुस गावी घेऊन गेला. तिथली जुनी मशीद १५४९ सालची. तिचा मिनार लाल विटांचा आहे आणि हुबेहूब देवळासारखा दिसतो. मी बराच वेळ नुसता बघत उभा होतो.

नंतर एका टपरीवर सोतो घेतला, म्हणजे पातळ रस्सा-भात. मी हात आखडता घेतलेला बघून तो मुलगा म्हणाला, काळजी करू नका, हे म्हशीचं आहे, आम्ही कुदुसचे लोक गाय कापत नाही. का? तर ज्यांनी तिथे इस्लाम रुजवला त्या सुनान कुदुस यांनी सांगून ठेवलं होतं की इथल्या हिंदू शेजाऱ्यांना गाय पूज्य आहे, त्यांचं मन दुखवू नका. शेजारी गेले, चार-साडेचारशे वर्षं उलटली, पण रीत आहे. त्या मुलासाठी तो धर्मच होता. पुढे त्यानंच मला चामड्याच्या बाहुल्यांचा वायांग दाखवला. रात्रभर महाभारत. खेळवणारा मुसलमान, बघणारे मुसलमान. पांडवांबरोबर सेमार नावाचा एक ढेरपोट्या म्हातारा सेवक असतो, जो आपल्या महाभारतात नाहीच. त्यांच्याकडे तो वेष बदललेला देव. तो पडद्यावर आला की लहान पोरंसुद्धा झोपेतून उठून बसत. मला आमच्या सिंधुदुर्गातला दशावतारातला संकासूर आठवला.

वाशी

छोटंसंच सांगते. आमच्या शेजारच्या केरळी ख्रिश्चन मुलीच्या लग्नाला गेले होते. चर्चमध्ये नवऱ्यानं तिच्या गळ्यात मिन्नू बांधलं: पानाच्या आकाराचं इवलंसं सोनं, त्यावर मण्यांचा क्रूस. दोरा कसला, तर तिला दिलेल्या मंत्रकोडी साडीतूनच काढलेल्या सुतांचा. माझ्या शेजारी बसलेल्या आईचा हात नकळत स्वतःच्या मंगळसूत्राकडे गेला.

ऐरोली

सगळं वाचते आहे. छान वाटतंय, पण एक गोष्ट मांडायची आहे.

माझी आजी अकोला जिल्ह्यातली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला होती, पांढरं लुगडं नेसून. गावी परत आल्यावर तिनं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि विहिरीत सोडले. पण जातं राहिलं, आणि जात्यावरचा गळाही राहिला. पहाटे दळताना ज्या चालीत ती आधी विठ्ठलाला बोलवायची, त्याच चालीत भीमरायाला आणि बुद्धाला बोलवू लागली. मी तिच्या मांडीला डोकं लावून झोपलेली असायचे. जात्याची घरघर आणि ओवी, दोन्ही कानाच्या हाडातून ऐकू यायची. धर्म बदलला, ओवी तीच राहिली, याचा मला अभिमान आहे.

पण आजीनं टाकून काय काय दिलं, तेही लिहिलं पाहिजे. येसकरकी, म्हणजे जातीवरून लादलेली गावची चाकरी, टाकली. मेलेली ढोरं ओढणं टाकलं. सणाला दारोदार वाढणं मागायला जाणं टाकलं. हीसुद्धा गावची 'संस्कृती'च होती, आणि तिला धर्माचा आधार होता. वरती ताईंनी लिहिलंय, एकदा देवापुढे बसलं की शेकडो वर्षं हलत नाही. आमच्यासाठी ते वाक्य गोड नाही. हलवायला माणसं लागली, आणि त्यांना मार खावा लागला.

तलावपाळी, ठाणे

ऐरोलीच्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मलाही धीर आला. आम्ही ईस्ट इंडियन, मराठी बोलणारे कॅथलिक. हे नाव १८८७ मधलं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं. पण आम्ही इथलेच. पोर्तुगीज आले, धर्म बदलला, १७३७ ला ठाणं मराठ्यांनी घेतलं, आम्ही होतो तिथेच. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा. आता आमच्याकडेही शेत नाही. गेल्या वर्षी लोंब्या भिवंडीकडून आणल्या. माझ्या मुलीनं त्या पहिल्यांदाच हातात घेतल्या. दाणा सोलून बघितला आणि म्हणाली, "आतला तांदूळ एवढाच?"

पण खरं तेही सांगते. सोयरीक जुळवताना आमच्यातही कोण कुठल्या जातीतून आलेलं, हे विचारलं जातं. क्रूसाखाली उभं राहूनही विचारतात. माझ्या थोरल्या बहिणीचं एक ठिकाण त्यावरूनच मोडलं. पाणी आणि लोंब्यांबरोबर हेही वाहून आलं.

खारघर

पितृपक्ष जवळ आलाय म्हणून सांगतो. मुलगा जपानला असतो, ऑगस्टमध्ये तिकडे होतो. ओबोन चालू होतं, पूर्वज घरी येतात ते दिवस. घरमालकीणबाईंनी काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार-चार पाय लावून ठेवले होते. काकडीचा घोडा, पितर लवकर यावेत म्हणून. वांग्याची गाय, जाताना सावकाश जावेत म्हणून. त्यांनी मला खुणेनं विचारलं, तुमच्याकडे काय करतात? मी फोनवर कावळा दाखवला. त्या बराच वेळ मान हलवत राहिल्या.

नौपाडा (धागाकर्ती)

ऐरोलीच्या ताई, तुमचं बरोबर आहे. माझं वाक्य मी चिंबोऱ्यांच्या ताटासमोर बसून लिहिलं, येसकराच्या दारातून नाही. ते तसंच राहू देते, म्हणजे खाली तुमचं उत्तरही वाचलं जाईल. आजींच्या ओव्या कोणी लिहून घेतल्या आहेत का?

घणसोलीच्या ताई, माझ्याकडे चांगला रेकॉर्डर आहे. आजींचे धवले पुरते उतरवून घेऊ या का? येत्या रविवारी मी येऊ शकते.

ऐरोली

चाळीसेक ओव्या माझ्या आत्यानं वहीत लिहिल्यात. चाल मात्र फक्त आईला येते. तिलाही रेकॉर्ड करायचं आहे.

घणसोली

आजीला विचारलं. ती म्हणते, "उगा नाय म्हनाचं ते." मांडव नसताना, पोरीला हळद नसताना धवले म्हणायचे नाहीत, असं तिचं ठाम मत आहे. तुळशीच्या लग्नानंतर आमच्या आळीत एक लग्न आहे, तारीख कळवते. तेव्हा या दोघीही. डीजेवाल्याशी मी आधीच बोलून ठेवते.