पाय मोकळे ठेवता येतील अशी, कमी खर्चाची डिझेल गाडी: सल्ला हवा आहे

कोयनाकाठ

नमस्कार. आम्ही कराडला राहतो. घरात पाच माणसे आहेत: मी, पत्नी, आई, वडील आणि बारावीतला मुलगा. मी स्वतः पाच फूट दहा इंच आहे आणि मुलगा आताच सहा फुटांच्या वर गेला आहे. वडील निवृत्त शिक्षक आहेत, तेही उंच आहेत, आणि गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून आमच्या जुन्या छोट्या पेट्रोल गाडीत ते मागे बसले, की तासाभरात गुडघा आखडतो आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडे एकदा तरी गाडी बाजूला घेऊन त्यांना चार पावले चालवावे लागते. ते तक्रार करत नाहीत, परंतु उतरताना दाराची कड धरलेला त्यांचा हात मला दिसतो.

कामानिमित्त आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जाऊन येणे, महिन्यातून दोनदा पुणे आणि एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणजवळचे आमचे गाव, असा आमचा प्रवास असतो. हिशेब केला, तर वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या आसपास धाव होते. म्हणून डिझेल गाडीच घ्यावी असे मनात आहे. सर्व खर्च धरून सोळा लाखांपर्यंत जाण्याची तयारी आहे, मात्र त्याहून कमीत काम झाले तर आनंदच आहे. मागच्या आसनावर पाय ठेवायला भरपूर जागा ही पहिली अट, इंधनाचा खर्च ही दुसरी. वॉकर आणि गावाहून आणायचे तांदळाचे पोते मावेल एवढी डिकी असावी. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

लांबपल्ला

आपली धाव पाहता डिझेलचा विचार योग्य आहे, तरीही आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरा. भरलेली पेट्रोल गाडी घाटरस्त्यांसह लिटरला तेरा किलोमीटर देते असे मानले, तर वीस हजार किलोमीटरला साधारण १ लाख ६० हजार रुपयांचे पेट्रोल लागेल. त्याच आकाराची डिझेल गाडी अठराच्या आसपास देते, म्हणजे खर्च १ लाख १ हजारांवर येतो. वर्षाला अठ्ठावन्न-एकोणसाठ हजारांची बचत झाली. डिझेल गाडी घेताना दीड-पावणेदोन लाख जास्त मोजावे लागतात आणि महाराष्ट्रात वैयक्तिक डिझेल गाडीवरचा रस्ताकर पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी अधिक आहे (दहा लाखांच्या आत १३, दहा ते वीस लाखांत १४ टक्के), तो फरकही यात धरावा. तीन ते सव्वातीन वर्षांत हा जादा पैसा वसूल होतो. हीच धाव सात-आठ हजार असती, तर मी आपल्याला डिझेलपासून परावृत्त केले असते.

कंपनीने छापलेल्या मायलेजवर विसंबू नये. एकाच पंपावर, नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, चारशे-पाचशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर त्याच पद्धतीने पुन्हा भरावी आणि भागाकार करावा. ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांनी असा काढलेला आकडा विचारावा.

जुना_वाहनप्रेमी

आपली मागणी वाचून टाटा इंडिकाची आठवण झाली. ३० डिसेंबर १९९८ रोजी ती बाजारात आली, तेव्हा रतन टाटांनी मनाशी धरलेले गणित जवळपास आपल्यासारखेच होते: मारुती झेनएवढा बाहेरचा आकार, अॅम्बॅसडरएवढी आतली जागा, मारुती ८०० च्या जवळपास किंमत आणि डिझेलचा चालवण्याचा खर्च. पिंपरीत तयार होणाऱ्या त्या गाडीत माझे वडील मागे मांडी घालून बसत. आज एवढ्या साध्या मागणीला पर्याय मोजकेच उरले आहेत, याचे मनापासून वाईट वाटते.

त्याचे कारणही सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ प्रदूषण मानके लागू झाली आणि छोट्या डिझेल इंजिनांना ती पाळण्यासाठी लागणारी यंत्रणा बसवणे महाग पडू लागले. मारुतीने त्याच वेळी डिझेल गाड्या बंद केल्या. पुढे २०२३ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजण्याचा नियम आला आणि होंडानेही डिझेल सोडले. त्यामुळे मागे ऐसपैस जागा देणाऱ्या मारुती सियाझ, होंडा सिटी, निसान सनी यांसारख्या डिझेल सेडान (मागे वेगळी डिकी असलेल्या गाड्या) आता फक्त जुन्या बाजारात मिळतात. माझ्याकडे २०१६ ची सियाझ डिझेल आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २६५० मिलिमीटर, मागे पाय अगदी सैल राहतात आणि महामार्गावर बाविसापर्यंत मायलेज मिळते. मात्र गुडघ्याच्या रुग्णाला ती सुचवणार नाही, कारण आसन जमिनीलगत आहे. बसताना माणूस खाली कोसळल्यासारखा बसतो आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो.

उपचारिका_सांगली

मी गाड्यांची जाणकार नाही, परंतु सांधेबदल झालेल्या रुग्णांसोबत रोजचे काम आहे, म्हणून लिहिते. लेगरूम म्हणजे गुडघा आणि पुढच्या आसनाची पाठ यांमधले अंतर एवढाच अर्थ बहुतेक जण घेतात. रुग्णाच्या दृष्टीने आणखी तीन गोष्टी मोलाच्या आहेत. आसनाची उंची अशी हवी, की उभ्या माणसाने किंचित मागे टेकले की तो बसला. आसन पुरेसे खोल असावे, म्हणजे मांडीला गुडघ्याच्या जवळपर्यंत आधार मिळतो. तो नसला की पाय लोंबकळत राहतो आणि पुढे कितीही जागा असली तरी गुडघा दुखतोच. शिवाय पुढच्या आसनाखाली पाऊल सरकवता आले पाहिजे, कारण पाय थोडा सरळ करता आला की आखडणे कमी होते.

वडिलांना गाडीत शिरताना आधी पाठमोरे बसायला सांगा आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायला सांगा. एक पाय आत टाकून वळत बसणे टाळावे. म्हणून दार किती उघडते हेही पाहा. आणि लांबच्या प्रवासात तासाभराने थांबून चार पावले चालणे हे गाडी कितीही मोठी घेतली तरी सोडू नका.

घाटवाट

उपचारिकाताईंनी जे लिहिले, तेच मापाच्या भाषेत सांगतो. माहितीपत्रकातल्या लेगरूमच्या आकड्यावर जाऊ नका, कारण पुढचे आसन किती पुढे सरकवून ते मोजले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. शोरूममध्ये प्रथम आपण स्वतः चालकाच्या जागी बसून आसन आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे लावा आणि मग उतरून त्याच आसनाच्या मागे बसा. गुडघा आणि आसनाची पाठ यांमध्ये आडवी मूठ सहज फिरली, तर जागा चांगली. चार बोटे उभी मावली, तर कामापुरती. त्याहून कमी असेल तर विक्रेता काहीही म्हणो, पुढची गाडी बघा.

आता प्रत्यक्ष गाड्यांविषयी. चार मीटरच्या आतल्या डिझेलमध्ये टाटा अल्ट्रोझ ही एकच हॅचबॅक उरली आहे. तिची दारे काटकोनात उघडतात आणि मागचा मजला जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे शिरणे सोपे जाते, पण आसन सेडानसारखे खाली आहे. महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये चाकांमधले अंतर २६०० मिलिमीटर आहे. चार मीटरच्या आतल्या गाडीत ते खूपच चांगले आणि मागे बसल्यावर ते जाणवते. इंजिनात ३०० न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याची ताकद) असल्याने कुंभार्लीच्या चढावर पाच माणसांसह वारंवार गिअर बदलावे लागत नाहीत. डिकी मात्र लहान आहे. टाटा नेक्सॉनची डिकी मोठी, पण मागची जागा तिच्याहून कमी. चार मीटरच्या वर गेलात तर किया कॅरेन्स पाहाच. चाकांमधले अंतर २७८० मिलिमीटर, १४९३ सीसीचे डिझेल इंजिन, आणि मधल्या रांगेचे आसन मागे-पुढे सरकते, पाठही कलते. तिसरी रांग दुमडली की सामानासाठी खोलीभर जागा होते; ती उभी असली तर फक्त २१६ लिटर उरते, हेही ध्यानात असू द्या.

किमतीत कराचा वाटा मोठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर त्याहून लांब गाडीवर ४० टक्के. कॅरेन्स साडेचार मीटरची आहे. म्हणजे त्या अर्ध्या मीटरसाठी आपण दुपटीहून अधिक दराने कर भरणार आहात. तो अर्धा मीटर घरातल्यांच्या कामी येतो आहे की नाही, हे तपासूनच निर्णय घ्या.

पेठेतला_पुणेकर

एक इशारा द्यावासा वाटतो. मी तीन वर्षांपूर्वी डिझेल गाडी घेतली (कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही) आणि ती घर ते कचेरी अशी रोज चार किलोमीटर चालवली. आठव्या महिन्यात डॅशबोर्डवर डीपीएफचा (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा) दिवा लागला. हा फिल्टर धुरातली काजळी अडकवतो आणि एक्झॉस्ट पुरेसा तापला, की ती जाळून टाकतो. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत तो कधी तापतच नाही. अर्धवट जळण्याच्या प्रत्येक प्रयत्नात थोडे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. माझ्या गाडीच्या डिपस्टिकवर (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवर) तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेले होते. वर्कशॉपमध्ये यंत्र लावून फिल्टर जाळून घ्यावा लागला, ऑइल बदलावे लागले आणि 'हे वॉरंटीत बसत नाही' असे सांगून सगळा खर्च माझ्याकडून घेतला गेला. गाडी घेताना मला कुणीतरी हे समजावून सांगायला हवे होते, असे आजही वाटते.

आपली गाडी सातारा-पुणे महामार्गावर वरचेवर जाणार असल्याने आपल्याला हा त्रास सहसा होणार नाही. तरीही दिवा लागलाच, तर गाडी बंद न करता महामार्गावर वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावी आणि ऑइल पुस्तिकेत सांगितलेले, कमी राखेचेच घालावे.

सीएनजीवाली

मुद्द्याला धरूनच सांगते: आमच्या एर्टिगा सीएनजीचा इंधनखर्च डिझेलपेक्षाही कमी येतो आणि मधल्या रांगेत जागाही भरपूर आहे. परंतु भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ओढावी लागते आणि टाकीने मागची सामानाची जागा व्यापली आहे. वॉकर आणि पोते ही आपली गरज असेल, तर डिझेलच बरे.

घाटवाट

कोयनाकाठ, एक विचारायचे राहिले. आपण पाच जण कोण कुठे बसता?

कोयनाकाठ

मी चालवतो, उंच म्हणून मुलगा पुढे, आणि वडील त्याच्या मागे, कारण डावीकडून उतरणे सुरक्षित असते. आई आणि पत्नी त्यांच्या शेजारी. आईला घाटात गाडी लागते, त्यामुळे तिला खिडकी देतो.

घाटवाट

मग निम्मे उत्तर तिथेच आहे. मुलगा आसन शेवटपर्यंत मागे घेत असणार आणि ती सगळी जागा वडिलांच्या गुडघ्यातून जाते. आईंना पुढे बसवा. त्यांची उंची कमी असेल, तर आसन चार-पाच इंच पुढे घेता येईल, आणि गाडी लागणाऱ्या माणसाला पुढे बसून समोरचा रस्ता दिसत राहिला की त्रासही कमी होतो. वडील त्यांच्या मागे, डावीकडेच. त्या जागी त्यांचा उजवा पाय गाडीच्या मध्याकडे येतो, म्हणजे दोन आसनांमधल्या फटीकडे तो थोडा सरळ करता येतो. मुलगा आपल्या मागे. असे बसून मगच गाड्या पाहा.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार घालवून, सगळ्या घराला आणि वॉकरला सोबत नेऊन गाड्या पाहिल्या.

आधी जुन्याच गाडीत घाटवाट यांनी सांगितल्याप्रमाणे बसलो आणि साताऱ्यापर्यंत गेलो. वडील वाटेत थांबा म्हणाले नाहीत. मीच आपणहून थांबलो, तेव्हा ते सहज उतरले. अल्ट्रोझमध्ये त्यांना शिरता छान आले, पण उठताना माझा हात धरावा लागला, म्हणून ती बाजूला ठेवली. ३एक्सओची आसनाची उंची त्यांच्या मांडीशी अगदी जुळली, आईच्या मागे मूठ सहज फिरली, चालवून पाहताना मलाही ती फार आवडली आणि पैसेही वाचणार होते. अडले ते दोन ठिकाणी: मुलगा माझ्या मागे बसल्यावर तिघांचे खांदे एकमेकांना घासू लागले, आणि वॉकर दुमडून आत ठेवल्यावर पोत्याला जागा उरली नाही. कॅरेन्समध्ये मधले आसन मागे सरकवल्यावर वडिलांनी उजवा पाय जवळजवळ सरळ केला आणि काही न बोलता डोळे मिटून पाच मिनिटे तसेच बसून राहिले. तिसरी रांग दुमडून वॉकर आडवा ठेवला, तरी दोन पोत्यांची जागा शिल्लक होती.

जास्तीच्या कराचे दुःख आहे, तरी कॅरेन्सच घ्यायची असे ठरवले आहे: डिझेल, मॅन्युअल गिअर, वरची सजावट सोडून खालून दुसरी श्रेणी. आमच्या बोळात ती वळते की नाही, हे पाहण्यासाठी विक्रेत्याकडून चाचणीची गाडी घरापर्यंत आणवली. एकदा मागे घेऊन वळली, आणि शेजाऱ्यांनी तुळशीच्या कट्ट्याजवळची त्यांची दुचाकी कायमची पलीकडे लावण्याचे कबूल केले आहे. पहिली हजार किलोमीटर झाली, की टाकी ते टाकी मोजलेले मायलेज इथे लिहीन.